एअर रायफल-पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये हवा भरताना: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं एअर पिस्तुलात पदकं आणली. रेंजवर नवी मुलं येतच आहेत. रायफल कुठली घ्यावी, जॅकेट कुणाकडून शिवून घ्यावं, पेलेट (छर्रे) कुठले लावावेत याची पालक महिनोन्‌महिने चौकशी करतात, पण हवेबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ती रेंजवरचे दादा भरून देतात, असं सगळे धरून चालतात. मला हे बरोबर वाटत नाही. ज्याची बंदूक त्याला आपला सिलिंडर नीट भरता आला पाहिजे, आणि नेमबाज लहान असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाला तरी. काम अवघड नाही, मात्र त्यात घाईला जागा नाही.

पीसीपी बंदूक म्हणजे काय? तिच्यात हवा का भरावी लागते?

पीसीपी म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक. जुन्या पद्धतीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत दर वेळी नळी मोडून स्प्रिंग दाबावी लागते. पीसीपीत नळीखाली एक लहान सिलिंडर असतो आणि हवा त्यात आधीपासून साठवलेली असते. चाप ओढला की आतली हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि मोजकी हवा पेलेटच्या मागे जाते. स्पर्धेच्या बंदुकीत मध्ये रेग्युलेटरही असतो. सिलिंडरमधला दाब १८० बार असो वा १२० (बार हे दाबाचं एकक), पुढे जाणारा दाब तो एकसारखा ठेवतो. त्यामुळे पहिला शॉट आणि साठावा शॉट एकाच वेगानं सुटतो. धक्का जवळजवळ नसतो, आणि १० मीटरवर दशांश गुणांची लढाई असते तिथे हे फार मोलाचं आहे.

कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास जिरार्दोनीची हवेवर चालणारी रायफल वापरात आणली होती. तिची टाकी हातपंपानं भरायला सुमारे १५०० झटके लागत, असं सांगतात.

२०० बार म्हणजे नेमका किती दाब?

या लेखात स्पर्धेच्या बंदुकीचा २०० बारचा सिलिंडर धरला आहे. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ पीएसआय भरतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन बार. २०० बार म्हणजे २९०० पीएसआय, टायरच्या जवळपास ९० पट. काही गेजांवर (दाब दाखवणाऱ्या तबकड्यांवर) मेगापास्कल लिहिलेलं असतं. तिथे २० म्हणजे २०० बार. काट्याखाली कुठलं एकक छापलंय ते भरायला हात लावण्याआधी वाचा. बार समजून पीएसआय वाचणं किंवा उलटं करणं, दोन्हीत धोका आहे.

या दाबाची ताकद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक हिशेब देतो. १० लिटरच्या टाकीत २०० बार हवा असेल आणि ती एकदम सुटली, तर सुमारे ३ लाख ९० हजार जूल ऊर्जा बाहेर पडते. एक टन वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटरनं धावताना तिच्यात जवळपास एवढीच ऊर्जा असते. बंदुकीचा २०० मिलिलीटरचा सिलिंडर याच्या पन्नासाव्या भागाइतका. तरीही त्यातली ऊर्जा नळीतून सुटणाऱ्या एका पेलेटच्या ऊर्जेच्या हजारेक पट भरते. नळीच्या तोंडाकडे बघायचं नाही हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात. सिलिंडरलाही तेवढाच मान द्यायला शिकवावं.

हवा भरायची सोय कुठे मिळते?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमची रेंज किंवा क्लब. बहुतेक चांगल्या रेंजवर मोठी टाकी किंवा कॉम्प्रेसर असतो आणि तुमच्या बंदुकीच्या कंपनीचा अडॅप्टरही (सिलिंडर टाकीला लावायचा जोड) बहुधा असतो. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, स्टायर, मोरिनी, पार्दिनी या कंपन्यांच्या सिलिंडरचे आटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. म्हणून बंदुकीसोबत आलेला अडॅप्टर किटमध्ये कायम ठेवा आणि त्यावर नाव घाला. स्पर्धेच्या सकाळी तो दुसऱ्याकडे मागत फिरण्यासारखी धावपळ नाही.

दुसरी सोय स्कूबा डायव्हिंगवाल्यांकडे. मालवण, तारकर्ली आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या डायव्हिंग केंद्रांकडे श्वासासाठी लागणारी हवा भरणारे कॉम्प्रेसर असतात. माणसानं पाण्याखाली श्वास घ्यायची हवा असल्यानं ती गाळलेली आणि कोरडी असते. बंदुकीला हवी ती नेमकी अशीच. डायव्हिंगच्या ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या टाक्या सुमारे ११ लिटरच्या आणि २०७ बारच्या असतात. २०० बारच्या सिलिंडरला हे माप फार सोयीचं आहे. एक मात्र स्पष्ट सांगा: 'साधी हवा हवी, नायट्रॉक्स नको.' नायट्रॉक्समध्ये ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेलं असतं आणि ते बंदुकीत भरायचं नाही. अशा टाकीवर बहुधा हिरवा-पिवळा पट्टा असतो.

तिसरा मार्ग हातपंपाचा आणि चौथा घरच्या छोट्या कॉम्प्रेसरचा. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालेल का?

नाही. तो ८-१० बारपर्यंतच जातो. सायकलचा पंप तर त्याच्याही खाली.

वेल्डिंगवाल्याकडे किंवा दवाखान्यात ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्यातून भरला तर?

कधीही नाही. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनला तेल किंवा ग्रीसचा नुसता अंश लागला तरी आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. बंदुकीच्या व्हॉल्व्हमध्ये आणि ओ-रिंगवर (जोडातून हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कडीवर) थोडंफार वंगण असतंच. ठिणगीचीही गरज नाही. व्हॉल्व्ह झटकन उघडल्यावर वायू एकदम दाबला जाऊन जी उष्णता तयार होते, तेवढी पुरते. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर अंगानं काळा आणि खांद्याला पांढरा असतो. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा. लिहिलेलं नसेल तर तो सिलिंडर आपल्यासाठी नाही.

कार्बन डायऑक्साइडही पीसीपीत भरायचा नाही. हा वायू सिलिंडरमध्ये द्रवरूप होतो, २० अंशांना त्याचा दाब ५७ बारच्या आसपास असतो आणि तापमानाबरोबर वरखाली होत राहतो. जुन्या काळी त्यावर चालणारी स्पर्धेची पिस्तुलं होती, पण त्यांची रचना वेगळी. नायट्रोजन मात्र चालतो. तो कोरडा असतो, तेलाशी अभिक्रिया करत नाही. मिळाला तर उत्तमच. फक्त औद्योगिक सिलिंडरला योग्य जोड आणि रेग्युलेटर लागतो, आणि बंद खोलीत नायट्रोजन सोडत बसू नये, कारण तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि गुदमरल्याचं कळतही नाही.

मोठ्या टाकीतून भरायचं तर कुठल्या क्रमानं?

आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा आणि सिलिंडर बंदुकीवरून काढा. उतरवताना थोडी हवा फुस्स करते, ते ठीक आहे. काही शिकाऊ बंदुकांत सिलिंडर निघत नाही आणि बंदुकीवरच्या तोंडातून हवा भरावी लागते. अशी बंदूक भिंतीकडे तोंड करून पक्की ठेवा. नळीसमोर कुणी नको.

मग सिलिंडरवरची तारीख आणि कमाल दाब वाचा. अडॅप्टरचं तोंड कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसून घ्या. वाळूचा एक कण ओ-रिंगवर बारीकशी रेघ पाडतो. उजेडात तिरकं धरून पाहिलं तर ती रेघ दिसते, आणि हवा पुढे तिथूनच झिरपायला लागते. टाकीचा व्हॉल्व्ह जोडणीआधी केसभर उघडून लगेच बंद करा म्हणजे तोंडातली धूळ उडून जाईल. तोंडासमोर चेहरा आणू नका.

सिलिंडर अडॅप्टरवर हातानं फिरवून बसवा, पाना लावू नका. हवा ओ-रिंग धरून ठेवते, ताकदीनं आवळून काही साधत नाही, उलट आटे खराब होतात. ब्लीडचा स्क्रू (मधल्या पाइपातली हवा सोडायचा) बंद आहे ना ते पाहा. आता टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. किती हळू? गेजचा काटा डोळ्यांनी सहज मोजता येईल इतका हळू. १०० वरून २०० वर जायला एक मिनिट लागलं तरी हरकत नाही. व्हॉल्व्ह उघडताना हात त्यावरून उचलू नका आणि नजर गेजवरून हलवू नका. याच वेळी शेजारचा कुणी काही विचारतो. त्याला थांबायला सांगा.

हवा आत जाताना आधी मोठा आवाज येतो आणि दोन्हीकडचा दाब जवळ येत गेला की तो बारीक होत जातो. हव्या त्या आकड्यावर काटा आला की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. त्यानंतर ब्लीडचा स्क्रू उघडून मधल्या पाइपातली हवा सोडा. सिलिंडरच्या आतला झडपेचा भाग त्याच क्षणी आपोआप बंद होतो. आवाज पूर्ण थांबल्यावरच सिलिंडर फिरवून काढा. फिरवताना अडकतोय असं वाटलं तर आत अजून दाब आहे. जोर लावू नका, पुन्हा ब्लीड करा. लवचीक पाइप वापरत असाल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा. दाबाखाली सुटलेला पाइप चाबकासारखा फिरतो आणि समोरच्याचा डोळा जाऊ शकतो. डोळ्यांवर गॉगल घाला, नेमबाजीचा चालेल.

भरल्यावर सिलिंडर गरम लागतो आणि थोड्या वेळानं गेज खाली येतं. गळतोय का?

बहुतेक वेळा नाही. हवा दाबली की तापते. भरल्याबरोबर ५० अंशांना गेजवर २०० बार दिसत असतील आणि हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर दाब १८४-१८५ बार होतो. हवा कुठेच गेलेली नसते. म्हणून हळू भरा. सिलिंडर भरून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा गेज बघा आणि हवं तर थोडी वरची भर घाला. घाईनं भरणाऱ्याला दर वेळी अर्धवट सिलिंडर मिळतो आणि त्याचं कारण त्याला कळत नाही.

उलटही खरं आहे. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या मोटारीत ६५ अंशांपर्यंत तापला तर आत २२६-२२७ बार होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ६५ अंश ही दूरची गोष्ट नाही. सिलिंडर गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. घ्या सोबत.

टाकीत २०० बार होते, तरी माझा सिलिंडर २०० पर्यंत का जात नाही?

कारण दोन्हीकडचा दाब समान होईपर्यंतच हवा जाते. समजा टाकी १० लिटरची, २०० बारला भरलेली, सिलिंडर ०.२ लिटरचा, त्यात १०० बार उरलेत. जोडल्यावर दोन्हीकडे (१० × २०० + ०.२ × १००) भागिले १०.२, म्हणजे १९८ बार होतात. पुढच्या सिलिंडरला १९६. असे दहा सिलिंडर भरले की टाकी १८२ वर येते, वीस भरले की १६७ वर. टाकी रिकामी झालेली नसते, पण आता ती १६७ च्या वर कुणाला देऊ शकत नाही.

म्हणून क्लबमध्ये दोन टाक्या ठेवणं शहाणपणाचं. आधी कमी दाबाच्या टाकीतून जमेल तेवढं भरायचं आणि शेवटचा भाग जास्त दाबाच्या टाकीतून. चांगली टाकी अशी जपली तर बरेच दिवस पुरते.

३०० बारच्या टाकीतून २०० बारचा सिलिंडर भरता येतो का?

येतो, पण थांबवायचं काम पूर्णपणे तुमच्यावर येतं. टाकी आपोआप थांबणार नाही, ती २०० च्या पुढेही ढकलत राहील. नवशिक्यानं सुरुवातीला अशा टाकीला हात लावू नये. ज्यांच्याकडे ३०० बारच्या टाक्या आहेत त्या क्लबांनी २०० ला थांबवणारा रेग्युलेटर लावावा, असं माझं ठाम मत आहे. खर्च होतो, पण लहान मुलं जिथे सिलिंडर घेऊन रांगेत उभी असतात तिथे दुसरा मार्ग नाही.

डीआयएन जोडात (टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसवायच्या प्रमाणित जोडात) याचा विचार आधीच केलेला असतो. २३२ बारच्या जोडाचे आटे कमी लांबीचे, ३०० बारच्या जोडाचे जास्त. छोटा जोड ३०० बारच्या व्हॉल्व्हमध्ये फिरतो, पण त्याची ओ-रिंग तळापर्यंत पोहोचतच नाही आणि हवा बाहेर निघून जाते. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. मध्ये काहीतरी घालून जोड 'बसवून देणाऱ्या' कारागिराकडे जाऊ नका.

ओलाव्याबद्दल इतकं का सांगतात?

कारण ओलावा बंदूक आतून खराब करतो, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

कोकणातला जुलै धरा: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १० लिटरची टाकी २०० बारला भरायची म्हणजे बाहेरची २००० लिटर, अर्थात दोन घनमीटर हवा आत कोंबायची. म्हणजे एका भरण्यात जवळपास ४८ ग्रॅम पाणी कॉम्प्रेसरमध्ये शिरतं. दाबल्यावर हवेला ते धरून ठेवता येत नाही आणि ते थेंब होऊन बाहेर पडतं. ते कॉम्प्रेसरच्या सापळ्यात अडकलं तर ठीक; नाहीतर टाकीत, तिथून तुमच्या सिलिंडरमध्ये आणि पुढे रेग्युलेटरमध्ये. रेग्युलेटरचे बारीक भाग गंजले की शॉटचा वेग हलायला लागतो. मुलाचे शॉट उगाच खाली-वर जातात, कोच त्याच्या पवित्र्यात दोष शोधत बसतात आणि मुलाचा आत्मविश्वास जातो. हे बघून वाईट वाटतं, कारण दोष मुलाचा नसतो.

म्हणून रेंजवरच्या कॉम्प्रेसरचं पाणी नेमानं सोडलं जातं का, हे पाहा. चालू कॉम्प्रेसरची ड्रेनची चावी उघडली की फस्सकन आवाज होतो आणि पांढरट, दुधासारखं पाणी उडतं. पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल मिसळून त्याचा तो रंग होतो. चालू असताना दर काही मिनिटांनी हे सोडायचं असतं, आणि पावसाळ्यात आणखी लवकर. त्यापुढे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा आणि कोळशाचा फिल्टर असतो. त्याला ठरावीक आयुष्य असतं आणि ते दमट हवेत लवकर संपतं. फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. तुम्ही लाखोंची बंदूक त्या हवेच्या भरवशावर सोडताय. चांगल्या रेंजवर त्याची नोंदवही असते आणि ती दाखवायला कुणी नाखूश नसतं.

ओ-रिंगला कुठलं ग्रीस लावावं?

फक्त शुद्ध सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं. शिलाई मशीनचं तेल, गाडीचं ग्रीस, पेट्रोल पंपावर मिळणारे गंज सोडवायचे स्प्रे यांतलं काहीही हवेच्या मार्गात जाऊ देऊ नका. पेट्रोलियमचं तेल उच्च दाबात एकदम दाबलं गेलं की डिझेल इंजिनासारखं पेटू शकतं. शिवाय ते काही प्रकारच्या रबराला फुगवतं. जादा ओ-रिंगांची एक छोटी पुडी किटमध्ये ठेवा, मात्र कंपनीच्या मापाच्या. हार्डवेअरच्या दुकानात 'अशीच दिसणारी' मिळते, ती घेऊ नका.

हातपंप घ्यावा का?

एकटी बंदूक, जवळ रेंज नाही, वीजही बेभरवशाची: अशा ठिकाणी घ्यावा. तीन टप्प्यांत दाबणारे पंप २०० बारच्या पुढेही जातात. स्पर्धेचा ०.२ लिटरचा सिलिंडर १०० वरून २०० ला न्यायचा म्हणजे बाहेरची २० लिटर हवा आत घालायची, आणि हे जमण्यासारखं आहे. १५० च्या पुढे मात्र सगळं अंगाचं वजन टाकावं लागतं. हातांनी ढकलू नका, पाय रोवून हात सरळ ठेवा आणि वजनानं खाली जा. झटका पूर्ण खालपर्यंत न्या, नाहीतर वरच्या टप्प्यांत हवा जातच नाही. चार-पाच मिनिटं मारला की पंप दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि ब्लीड उघडून आतलं पाणी सोडा. पंप तापला की त्याच्या आतल्या रिंगा जातात. शाळकरी मुलांकडून हे करवून घेऊ नका. पाठ दुखावेल, आणि लगेच नेम धरायचा असेल तर हात थरथरतील.

घरी छोटा कॉम्प्रेसर ठेवला तर?

ठेवता येतो, पण पहिल्या वर्षी नको. पाण्यानं थंड होणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरना बादलीभर थंड पाणी, तेल बदलणं, ड्रेन, फिल्टर आणि शेजाऱ्यांची सहनशीलता या सगळ्याची गरज असते. पाणी कोमट झालं की थांबवावं लागतं. यंत्र चालू असताना त्याच्यापासून हलायचं नाही. हवा आत जिथून खेचली जाते ते तोंड मोटारींच्या धुरापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. आपोआप बंद होणारा दाबाचा स्विच आणि फुटणारी सुरक्षा-चकती नसेल तर तो कॉम्प्रेसर स्वस्त असला तरी घेऊ नका. सुरक्षा-चकती फुटली तर ती त्याच मापाची घालायची. तिच्या जागी नाणं किंवा पत्रा बसवणं म्हणजे जीवाशी खेळ.

गळती कशी शोधायची?

सिलिंडर भरून थंड झाल्यावर गेजचा आकडा वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास, त्याच खोलीत बघा. पाच-सात बार इकडे-तिकडे झाले तर आधी तापमानाचा विचार करा. खरंच खाली येत असेल तर साबणाच्या पाण्याचा एक थेंब जोडांवर सोडा. बुडबुडा येईल तिथे दोष. रायफल कधीही पाण्यात बुडवू नका. गळती दिसली तर हवा पूर्ण सोडल्याशिवाय एकही स्क्रू उघडू नका.

सिलिंडर पूर्ण रिकामा झाला तर बिघडतं का?

बिघडतंच असं नाही, पण टाळा. आतला दाबच झडप घट्ट बसवून ठेवतो. पूर्ण रिकाम्या सिलिंडरची झडप कधी कधी पहिल्या हवेला नीट बसत नाही, आणि दमट हवा आत जाते ती वेगळीच. वापरात असलेला सिलिंडर ७०-८० बारच्या खाली नेऊ नका. तसंही त्याखाली रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळत नाही आणि शॉट खाली पडायला लागतात. स्पर्धेत ६० शॉट आणि त्याआधीचे सरावाचे शॉट असतात. भरलेला सिलिंडर त्याला आरामात पुरतो, पण स्पर्धेच्या सकाळी १२० बार घेऊन जाणं हा उगाच ओढवून घेतलेला ताण आहे.

सिलिंडरला मुदत असते का?

असते. स्पर्धेच्या बंदुकांच्या सिलिंडरवर कंपनीनं कोरलेली तारीख पाहा. वापराची मुदत साधारण १० वर्षांची. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार सिलिंडरची मुदत संपलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी नेमबाजाचीच आहे आणि साहित्य-तपासणीत ते बघितलं जाऊ शकतं. वापरलेली रायफल विकत घेताना हे आधी विचारा. बंदूक स्वस्त मिळाली आणि दोन्ही सिलिंडर मुदतबाह्य निघाले, तर ती स्वस्त नव्हती. ॲल्युमिनियमचा सिलिंडर बाहेरून चकचकीत असतो, आतल्या थकव्याचा पत्ता लागत नाही. पडून खड्डा पडला असेल, खोल ओरखडा असेल तर मुदत उरलेली असली तरी तो बाजूला काढा.

मोठ्या टाक्यांची साधारण पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यायची असते. तिचा शिक्का टाकीच्या खांद्यावर असतो. शिक्का नसलेली टाकी चांगला डायव्हिंगवाला भरत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कार्बन फायबरच्या टाक्यांचं एकूण आयुष्यही ठरलेलं असतं, बहुधा १५ वर्षं.

यासाठी परवाना लागतो का?

बंदुकीचं आधी. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या कॅलिबरची (नळीच्या मापाची) आणि २० जूलच्या आतली एअरगन २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना ठेवता येते. १० मीटरची स्पर्धेची बंदूक आठ जूलच्या आसपास असते. त्यापेक्षा मोठ्या कॅलिबरच्या किंवा जास्त ताकदीच्या पीसीपीला परवाना लागतो. आणि कुठल्याही एअरगननं संरक्षित वन्य पक्षी-प्राणी मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे.

टाकीचं वेगळं. ५०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या दाबाच्या सिलिंडरला २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. ते पाहणारी पेसो ही केंद्राची संस्था. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. म्हणून परदेशातून ऑनलाइन टाकी मागवण्याआधी ती भारतात मान्य आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

स्पर्धेला विमानानं जाताना?

सिलिंडर बंदुकीपासून वेगळा आणि पूर्ण रिकामा करून न्यावा लागतो. बहुतेक बंदुकांसोबत सिलिंडर रिकामा करायचं छोटं साधन येतं, ते हरवू नका. तिकीट काढतानाच एअरलाइनला बंदुकीची आणि सिलिंडरची कल्पना द्या आणि त्यांचं उत्तर छापून सोबत ठेवा. पोचल्यावर रेंजवर पहिलं काम हवा भरण्याचं. रिकाम्या सिलिंडरची झडप कुरकुर करू शकते, म्हणून हे सराव-दिवशीच उरका.

मुलानं स्वतः भरावं का?

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला क्रम समजतो आणि तो तोंडपाठही होतो. शेजारी मोठं माणूस उभं हवं आणि टाकीच्या व्हॉल्व्हवर हात मोठ्याचाच हवा. गेज वाचणं, अडॅप्टर पुसणं, आकडा वहीत लिहिणं ही कामं मुलाला द्या.

चुकून २०० च्या वर भरलं गेलं, आता काय?

घाबरू नका आणि शॉट मारून हवा कमी करायला जाऊ नका. ज्या बंदुकीत रेग्युलेटर नसतो तिथे जास्त दाबामुळे हातोडीला व्हॉल्व्ह उघडताच येत नाही आणि बंदूक अडकल्यासारखी होते. सिलिंडर रिकामा करायच्या साधनावर लावा आणि हवा अगदी हळू सोडत १९० पर्यंत आणा. साधन नसेल तर सिलिंडर सावलीत, माणसांपासून लांब ठेवून कोचना बोलवा. दोन गेज वेगवेगळे आकडे दाखवत असतील तर जे जास्त दाखवतं ते खरं धरा. सिलिंडरवरची बारीक गेजं पाच-दहा बार सहज चुकतात. आकडा २०० च्या किती वर गेला होता ते वहीत तारखेसह लिहा, आणि फरक मोठा असेल तर पुढच्या वापराआधी सिलिंडर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला दाखवा.